गणपतीत पाच रात्री पाच पिक्चर, घरात अर्धी कानडी अर्धी मराठी मंडळी, काय लावू?

शहापूरचा पोरगा:
नमस्कार मंडळी, यंदा गणपतीला सगळी घरात जमणारेत, आज्जी, बाबा, दादा-वैनी आणि त्यांची दोन पोरं. आरती जेवण झालं की रोज एक पिक्चर असं ठरलंय आणि निवडायचं काम माझ्या गळ्यात. अडचण अशी की वैनी बैलहोंगलच्या, मराठी कळतं पण जरा फास्ट बोललं की सुटतं, आणि आज्जीचं कानडी भाजी घेताना 'एष्टु' विचारण्यापुरतं. मागच्या वर्षी मी हौशीनं दादा कोंडकेंचा सोंगाड्या लावला, आम्ही हसून लोळायचो आणि वैनी बिचाऱ्या दर जोकला दादाकडं बघायच्या, त्यानं एक जोक कानडीत सांगायला घेतला आणि अर्ध्यातच लाजून पाणी आणायला उठून गेला. सबटायटल नको, आज्जीला दिसत नाही आणि पोरं मोठ्यानं वाचत बसतात. जुना नवा, मराठी कानडी कुठलाबी चालेल, पण सगळी शेवटपर्यंत बसली पाहिजेत.

निपाणीकर:
भावा सोप्पं आहे, गोष्ट आधीच माहीत असलेला पिक्चर लाव. राजकुमारांचा कानडी भक्त प्रह्लाद आहे १९८३ चा, हिरण्यकश्यपू स्वतः राजकुमार आणि प्रह्लाद म्हणजे बारका पुनीत, त्यांचाच पोरगा. आज्जीला एक शब्द कळायची गरज नाही, खांब दिसला की पुढं काय होणार हे तिला तुझ्या आधी माहीत. आणि मराठीत नटरंग (२०१०) घे. अतुल कुलकर्णी आपल्या बेळगावात जन्मलेला माणूस, गोष्ट कागलच्या आनंद यादवांच्या कादंबरीवरची, कागल म्हणजे आमच्या निपाणीतनं हायवेला लागलं की आलंच. पैलवान गडी नाच्या होतो हे त्याच्या अंगावरच दिसतं, आधी फुगवलेलं शरीर आणि नंतर सुकवलेलं, डायलॉग कळला नाही तरी वैनींना कळंल त्याचं काय चाललंय. वर अजय-अतुलची गाणी. फक्त एक दोन ठिकाणी पोरांना पाणी आणायला पाठव.

येळ्ळूरची सून:
मी गोकाकची, लग्न होऊन इकडं आले तेव्हा मराठी शून्य, त्यामुळं तुमच्या वैनींची गत मला चांगली माहीत आहे 😄 कॉमेडी चालत नाही असं अजिबात नाही, शब्दावरचा विनोद चालत नाही. दादा कोंडके सगळे शब्दात, ते मला आत्ता पंधरा वर्षांनी कळूलालेत आणि आता वाटतं कळले नसते तरी बरं 🙈. पण अशी ही बनवाबनवी (१९८८) मी पहिल्यांदा बघितला तेव्हा काही न समजता हसले. खोली मिळावी म्हणून दोन बाप्ये बाया होतात, लक्ष्मीकांत पदर सांभाळत बसतो, अशोक सराफ घामाघूम होऊन सगळ्यांच्या मधे उभा, यात कळायचं काय आहे. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा सासूबाई शेजारी बसून फक्त एवढंच सांगत होत्या की कोणाला काय माहीत आहे आणि कोणापासून काय लपवलंय. तेवढं पुरतं. आज्जींना वैनींच्या शेजारी बसवा, दादाला नको.

खानापूर रानातला:
सैराट कोणी सुचवायच्या आत सांगतो, गणपतीत नको. वैनींनी कानडी मनसु मल्लिगे (२०१७) बघितला असंल तर गोष्ट तीच, हिरॉईन पण तीच रिंकू. भाषेची अडचण तर नाहीच, शेवटाला आवाजच बंद होतो आणि बारकं पोर लाल पावलं उमटवत निघून जातं, पण नंतर मोदक कोण खाणार. पोरांसाठी झपाटलेला (१९९३), तात्या विंचू दिसला की घाबरायला भाषा लागत नाही. आमच्या घरात एक बाहुली होती ती दुसऱ्या दिवशी कपाटावर उलटी ठेवलेली सापडली, कोणी ठेवली आजपर्यंत कबूल नाही.

जुना प्रेक्षक:
पोरानो, एक रात्र आज्जीसाठी ठेवा. प्रभातचा संत तुकाराम, १९३६. व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या निवडक पिक्चरांत गणला गेला वगैरे ते असू दे, विष्णुपंत पागनीस गायला लागले की बघत राहावं. आणि जिजाई. ती म्हशीवर, पोरांवर, देवावर सगळ्यांवर ओरडते, कुठल्याही भाषेतल्या बाईला ती ओळखीची वाटेल. कानडीतही राजकुमारांनी तुकाराम केलाय, १९६३ साली, वैनींच्या माहेरी मोठ्यांना विचारा. कृष्णधवल म्हणून पोरं कुरकुर करतील, विमान यायच्या वेळेला हाक मारायची.
वैनी बैलहोंगलच्या, म्हणजे धारवाडच्या गाण्याचा वारा लागलेला असणार. कट्यार काळजात घुसली (२०१५) लावून बघा. दोन गायकांची ईर्षा आहे, ती तानांतनंच कळते. पिंजरा मी तंबूत बघितलेला, मास्तरांचं जे होतं ते बघून घरी येईपर्यंत वडील एक शब्द बोलले नव्हते, म्हणून तो सणात सुचवत नाही.

शहापूरचा पोरगा:
सगळ्यांना थँक्यू. काल पहिली रात्र, भक्त प्रह्लाद लावला. बारक्यानं दर पाच मिनिटाला "नरसिंह कधी येणार" विचारून डोकं खाल्लं. पण आज्जी! राजकुमार पोराला दम द्यायला लागला की हिनं मराठीतनं शिव्या द्यायच्या, "मुडद्या, पोटचं पोर हाय रं तुझं". वैनी हसून बेजार, मग त्या आज्जीला राजकुमार काय बोलूलालाय ते सांगायला लागल्या आणि त्यावर आज्जीची नवीन शिवी. दादा झोपला. आज बनवाबनवी आहे, आज्जीनं वैनींची जागा आत्ताच धरून ठेवलीय.