मध्यम रानात सोयाबीन: जुलैच्या उघडिपीत वाळतं आणि सप्टेंबरात सडतं, पेरणीचं गणित कसं बसवावं?

कोरडवाहू_औसा
राम राम मंडळी. रान ४ एकर, काळं पण मध्यम, दोन फुटांखाली मुरूम. उतार पूर्वेकडं. पेरणी सपाटच होते, विहिरीला खरिपात थोडं पाणी असतं. मृगात एक मोठा पाऊस झाला की सगळं शिवार पेरतं, तेव्हा पेरावं का थांबावं? पुढं १५-२० दिवस पावसानं ताण दिला तर पीक कसं धरून ठेवावं? काढणीला पाऊस गाठतो तो वेगळाच.

वाफसा
दादा, नक्षत्र बघू नका, ओल बघा. ७५ ते १०० मिमी पाऊस पडून जमीन वीतभर खोल भिजली की पेरा. सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवला तरी पाऊस मोजता येतो. फावड्यानं चार ठिकाणी उकरून बघा, कारण ४० मिमीचा एक जोराचा पाऊस वरवर चिखल करतो आणि खाली जमीन कोरडी ठणठणीत राहते. त्यावर पेरलेलं उगवतं, मग ऊन पडलं की मोड जळतो. दुबार पेरणी बहुतेक वेळा इथंच ठरते. सोयाबीनला १५ जुलैपर्यंत मुभा आहे, घाई नको.

घरचं बी असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. ७० उगवले तर सपाट पेरणीला एकरी ३० किलो. ६० उगवले तर ३५ किलो. त्याखाली ते बी पेरूच नका. खोली ३ ते ५ सेंमी. ट्रॅक्टरच्या यंत्राचे फण भुसभुशीत रानात नकळत जास्त खोल जातात, म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांनंतर उतरून बी उकरून पाहायचंच. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम हे जिवाणू खत. क्रम उलटला तर जिवाणू मरतात आणि पाकिटाचे पैसे वाया.

गोदाकाठ
वरचं सगळं बरोबर, पण तुमच्या दोन्ही दुखण्यांवर औषध एकच, रुंद वरंबा सरी (बीबीएफ). मराठवाड्याची पावसाळी सरासरी साधारण पावणेसातशे मिमी, आकडा वाईट नाही, तो पडतो मात्र कसाही. ऑगस्ट २०२३ देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट होता, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच भागात शेतं पाण्याखाली गेली. एकाच रानाला दोन्हीची तयारी लागते.

बीबीएफ यंत्रानं वरंब्यावर ४५ सेंमीवर चार ओळी, दोन्ही बाजूंना सरी. सरीच्या मध्यापासून पुढच्या सरीचा मध्य साधारण १८० सेंमी. बियाणं एकरी २२ किलोच लागतं. सऱ्या उताराला आडव्या, अगदी थोडा ढाळ ठेवून काढा. उताराच्या दिशेनं काढल्या तर पाणी मुरत नाही आणि मातीही घेऊन जातं. यंत्र मिळालं नाही तर सपाट पेरून ३०-३५ दिवसांनी दर चार ओळींनंतर बळीराम नांगरानं एक सरी पाडा.

कोरडवाहू_औसा
सरीच्या तोंडाचं काय, बंद ठेवायचं का उघडं? ताणात १३-०-४५ हे विद्राव्य खत फवारा म्हणून दुकानदार सांगतो, तेवढ्यानं भागतं का?

वाफसा
नाही भागत. १०० ग्रॅम १० लिटर पाण्यात, ही १ टक्का फवारणी पानांतून उडणारं पाणी कमी करते, मुळाशी ओल आणत नाही. पानं दुपारी लवून संध्याकाळी परत उभी राहतात त्या टप्प्यावर, सकाळी किंवा सायंकाळी फवारा. पानं सायंकाळीही लवलेलीच राहिली तर उपयोग नाही.

खरं काम कोळप्याचं, म्हणजे ओळींमधली वरची माती हलवणाऱ्या अवजाराचं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे उगाच म्हणत नाहीत. १५-२० दिवसांनी पहिली, ३०-३५ दिवसांनी दुसरी. काळ्या जमिनीला भेगा पडल्या की ओल खोलवरून उडते, म्हणून भेग दिसायच्या आधी वरची माती हलवायची. फुलोरा लागल्यावर मात्र कोळपं घालू नका, मुळं तुटतात.

सरीचं तोंड सुरुवातीला मातीनं बंद. सलग पाऊस लागून सरीत पाणी दिवसभर उभं राहिलं की उघडा. पाणी साचलेल्या चुनखडीच्या रानात लोह लागत नाही, शेंड्याची पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. आधी निचरा, मग सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी. पिवळे डाग ठिपक्याठिपक्यांचे असतील तर तो मोझॅक, पांढऱ्या माशीनं पसरणारा विषाणू रोग. माशी बघा, रोगट झाडं उपटून टाका.

तेरणेकाठचा
विहिरीचं पाणी फुलोरा आणि दाणे भरण्यासाठी राखा. ४ सेंमीची एक पाळी म्हणजे एकरी १ लाख ६० हजार लिटर. तुषार सिंचनानंच द्या, पाटानं दिलेलं भेगांतून खाली जातं. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं भरलं तर साधारण २२ लाख लिटर साठतं, पण मुरमात अस्तराशिवाय टिकत नाही.

सबंध चार एकर नुसतं सोयाबीन नको. सोयाबीन-तूर ४:२ घ्या, चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर. तूर बीडीएन ७११ वाणाची, साधारण दीडशे दिवसांत येते, दोन फूट मातीत नोव्हेंबरच्या ओलीवर निघते. बीएसएमआर ७३६ महिनाभर उशिरा येते, ती भारी रानाची.

वाण निवडताना फसगत अशी होते: जेएस ९३०५ नव्वद-पंचाण्णव दिवसांत येतं म्हणून पावसाच्या खंडातून सुटतं, पण १५ जूनला पेरलं तर सप्टेंबरच्या मध्यातल्या पावसातच पक्व होतं. दोन एकर लवकरचं, बाकी फुले संगमसारखं १०० दिवसांच्या पुढचं, असं विभागा.

कापणी ९५ टक्के शेंगा तपकिरी झाल्यावर. मंगळवारी-शुक्रवारी परभणी कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला येतो, तो बघून दोन-तीन दिवसांत मळून होईल तेवढंच कापा. गंजीवर ताडपत्री हवीच, पण पाऊस थांबला की लगेच काढा. झाकून ठेवलेली ओली गंजी आतून तापते आणि दाणा काळा पडतो. बियाण्यासाठीचा माल मळताना ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० ते ४५० ठेवा आणि ओलावा १२ टक्क्यांखाली आणूनच पोती भरा.