मदत हवी आहे: सीएनसीच्या स्टेपर मोटरचा वेग वाढवायला ३६ व्होल्ट की ४८?

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, लाकूडकामासाठी तीन अक्षांचा सीएनसी राउटर बांधलाय. नेमा २३ मापाच्या स्टेपर मोटर (३ अँपिअर, इंडक्टन्स ३.५ मिलिहेन्री), ५ मिमी पिचचे बॉलस्क्रू, मोटर चालवणारं सर्किट म्हणजे टीबी६६०० ड्रायव्हर, २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय).

मिनिटाला १५०० मिमी, म्हणजे ३०० आरपीएमपर्यंत मख्खन चालतं. त्यापुढे नेलं की मोटर कुंईऽऽ करत जागेवरच थरथरते आणि एक्स अक्षाचं शून्य सरकतं. अ‍ॅक्सिलरेशन कमी करून पाहिलं, फरक नाही.

दुकानदार म्हणतो मोठी मोटर लावा. मला पटत नाही. वेगात कॉइलमध्ये करंट चढायलाच वेळ मिळत नाही, तिथे व्होल्टेजच हवं ना? ३२ गुणिले मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ, या ठोकताळ्याने ६० व्होल्ट येतात. पण टीबी६६०० ची मजल ४२ पर्यंतच.

मग आहे त्याच ड्रायव्हरवर ३६ लावू, की डीएम५४२ ड्रायव्हर घेऊन ४८? त्याची मर्यादा ५०. ब्रेकिंगला मोटर उलटी वीज फेकते तेव्हा दोन व्होल्टची मोकळीक पुरेल? त्यात आपला नागपूरचा मे, पत्र्याची शेड!

आणि तिन्ही मोटरना मिळून एसएमपीएस किती अँपिअरचा घ्यावा? प्रत्यक्ष चालवणाऱ्यांनी सांगा भाऊ.