मुघल बेगमांवरच्या कादंबऱ्या: नावांचा गोंधळ कसा टाळायचा, आणि खरं-खोटं कसं ओळखायचं?

बाळीवेस_वाचक
सोलापुरातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर पुढचे तीन महिने मुघल राजघराण्यातल्या कर्त्या बायकांवरच्या कादंबऱ्या घेतोय. अडचणी दोन. पन्नास पानं झाली तरी नावं बसत नाहीत: मरियम मकानी वेगळी, मरियम-उझ-झमानी वेगळी, नूरमहल आणि नूरजहाँ मात्र एकच! दुसरं म्हणजे दर लेखकाची गोष्ट निराळी. इतिहासाचं पुस्तक शेजारी उघडं ठेवून वाचलं तर कादंबरीची मजाच जाते. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

शिक्कामोर्तब
तुम्ही ज्यांना नावं समजताय ते बहुतेक किताब, म्हणजे पदव्या, आहेत, घोळ तिथेच होतो. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने चार रकाने आखा: जन्मनाव, किताब, किताब मिळाल्याचं साल, आणि कोणाची कोण. एका कादंबरीला आठ-दहा ओळी पुरतात.

उदाहरणार्थ, मेहरुन्निसा. जन्म १५७७. १६११ मध्ये जहांगीरशी लग्न झाल्यावर नूरमहल, १६१६ पासून नूरजहाँ. म्हणजे १६१२ च्या प्रसंगात कोणी तिला ‘नूरजहाँ’ म्हणून हाक मारली की लेखकाचा पाय घसरला समजा. लग्नात ती ३४ वर्षांची विधवा होती, पदरात मुलगी होती. मुखपृष्ठावरची सोळा वर्षांची पोर ती नव्हे. लहानपणापासूनचं सलीम-मेहर प्रेम ही मागाहून रचलेली कथा, पण बहुतेक कादंबऱ्यांचा निम्मा डोलारा त्याच्यावरच उभा असतो.

मरियम मकानी म्हणजे हमीदाबानू, अकबराची आई. मरियम-उझ-झमानी म्हणजे अकबराची कछवाहा (आमेरच्या राजपूत घराण्यातली) राणी, जहांगीरची आई. तिला ‘जोधाबाई’ म्हणायची पद्धत बरीच नंतरची. जोधपूरची होती ती जगत गोसाईं, म्हणजे जहांगीरची राणी आणि शहाजहानची आई. सासूचं आणि सुनेचं असं खिचडीकरण झालंय.

साल हिजरीत दिलं असेल तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. १०३३ चे झाले १००२, अधिक ६२२, म्हणजे १६२४. वर्षभर इकडेतिकडे होईल, पण वाचायला पुरे. वयाचं मात्र जपून. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे दर ३३ हिजरी वर्षांमागे वय एका वर्षाने फुगतं. दोन लेखकांनी एकाच बाईचं वय वेगळं देण्यामागे अनेकदा एवढंच असतं.

भीमाकाठ
माझी नजर आधी ताटाकडे आणि हुक्क्याकडे जाते.

‘आईन-ए-अकबरी’त शाही स्वयंपाकाची मापं दिली आहेत. त्यात मिरी आहे, आलं आहे, केशर आहे. मिरची, टोमॅटो, बटाटा नाही. १६२० च्या आग्र्यात आपली शेंगाचटणी करायला बसलात तर शेंगा नाहीत, तिखट नाही, उरतात लसूण, जिरं आणि मीठ! म्हणून बेगम लालभडक रस्सा वाढताना दिसली की ओळखावं, लेखकाने हॉटेलातली मुघलाई थाळी समोर ठेवून लिहिलंय.

तंबाखू अकबराच्या दरबारात पोचला १६०४ च्या सुमारास. अकबराचा वकील असद बेग याने तो हुक्क्यासकट आपल्या शेजारच्या विजापुरातून नेला. त्याआधीच्या प्रसंगात हुक्क्याची गुडगुड ऐकू आली की चूक.

गुलाबाच्या अत्तराचं श्रेय कादंबऱ्या सर्रास नूरजहाँला देतात. जहांगीरने स्वतःच्या आठवणींत ते तिच्या आईला, अस्मत बेगमला, दिलंय. गुलाबपाणी गरम असताना वर साय धरावी तसा तेलाचा तवंग येई, तो ती गोळा करायची. इतका सुंदर प्रसंग आयता हाती असताना आईला का वगळतात कोण जाणे.

उलट, खोटी वाटणारी एक गोष्ट खरी आहे. १६१७ मध्ये नूरजहाँने हत्तीवरून सहा गोळ्यांत चार वाघ मारले, हेही जहांगीरनेच लिहून ठेवलंय. ते वाचून ‘अतिशयोक्ती’ म्हणून पुस्तक मिटू नका.

अंतःपुरातल्या चटकदार भानगडी दिसल्या की त्यांचं मूळ बर्निए किंवा मनुची या परदेशी प्रवाशांत शोधा. मनुची हिंदुस्थानात आला १६५६ मध्ये, बर्निए त्याच्याही नंतर. शहाजहानची मुलगी जहानारा हिच्या अत्तर लावलेल्या कपड्यांनी पेट घेतला १६४४ मध्ये. तेव्हाच्या गोष्टी त्यांनी ऐकल्या त्या बाजारातच. हुमायूनच्या बहिणीचं, गुलबदन बेगमचं, ‘हुमायूननामा’ मात्र घरातल्या बाईने लिहिलेलं. लग्नं, आजारपणं, हरवलेली मुलं, रुसवेफुगवे, सगळं आतून. एखाद्या कादंबरीकाराने ते वाचलंय की नाही हे दोन पानांत कळतं.

पारावरचा
वरचं सगळं मान्य, पण कादंबरी वाचताना फौजदार होऊ नका. मिरचीची चूक मी माफ करतो. सत्ता कशी चालायची हे लेखकाला कळलं नसेल तर मात्र पुस्तक पडतं. पडद्याआड कुजबुज झाली आणि बादशहाने मान डोलावली, असलं लिखाण पोकळ. सत्ता म्हणजे पैसा, शिक्का आणि जहाज.

कागदापासून बघा. फर्मान फक्त बादशहाचं. बेगमेचा तो हुकूम, शहजाद्याचं निशाण. नूरजहाँच्या नावाने नाणी पडली ती बादशहाच्या हुकमाने, आणि नाण्यावर तसं कोरलेलंही आहे. खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजातलं राज्यकर्त्याच्या नावाचं प्रवचन, तिच्या नावाने नव्हता. या दोहोंमधल्या फटीतच तिची सगळी कसरत आहे.

मरियम-उझ-झमानीचं ‘रहीमी’ हे जहाज पोर्तुगीजांनी १६१३ मध्ये धरलं आणि मुघल-पोर्तुगीज संबंध फाटले. बादशहाची आई जहाजी व्यापार करत होती! जहानाराला १६२८ मध्ये सालीना ६ लाख रुपये नेमणूक होती. १६३१ मध्ये मुमताज गेल्यावर तिच्या सुमारे कोटभराच्या मालमत्तेतली निम्मी या १७ वर्षांच्या मुलीकडे आली. पुढे सुरतेचं उत्पन्नही. लेखकाने हिशेबाची एक तरी वही उघडून दाखवली तर माझे पैसे वसूल.

बाळीवेस_वाचक
चार रकाने आजच आखतो. आपल्या भागाशी जोडता येईल अशी कोणी आहे का? चांदबिबी माहीत आहे, अली आदिलशहाशी लग्न झालं तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण दिला होता. पण ती मुघलांशी लढलेली, मुघल नव्हे.

भीमाकाठ
झीनतउन्निसा, औरंगजेबाची मुलगी. १६९५ ते १६९९ बादशहाची छावणी मंगळवेढ्याच्या अलीकडे भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती, माचणूरचा किल्ला तिथलाच. छावणीचा बाडबिस्तरा आणि कुटुंबकबिला इतका अवजड झाला होता की साताऱ्यावर निघताना तो वजीर असद खानाच्या हवाली मागे ठेवावा लागला. नदीच्या या तीरावर बेगमपूर, तिथल्या कबरीवरून गावाला नाव पडलं म्हणतात. ती झीनतची नव्हे. झीनत १७२१ मध्ये गेली, तिचं दफन दिल्लीत.

येसूबाई आणि शाहू कैदेत असताना त्यांच्यावर मायेची पाखर धरणारी म्हणून ती आपल्याकडे ओळखीची. संभाजीराजांवर तिचं प्रेम होतं असं रंगवणारं लिखाण आढळेल, त्याला समकालीन आधार नाही. जन्म १६४३ चा, म्हणजे १६८९ मध्ये ती पंचेचाळिशीची आणि राजे ३१ वर्षांचे.

ब्रह्मपुरीच्या छावणीत ती पन्नाशी ओलांडलेली, अविवाहित, म्हाताऱ्या बापाचं घर सांभाळणारी बाई होती आणि शाहू तेरा वर्षांचा. कट्ट्यासाठी पुस्तक निवडताना ते प्रकरण आधी उघडा. तिथे तिचे केस पिकलेले दिसले तर घ्या.

पारावरचा
आणि जेवणात मिरची निघाली तरी घ्या. तोवर दख्खनेत ती पोचली होती.