खेड्यातली रोकड ठेकेदाराच्या गाडीत : जोखीम शेवटी कोणाच्या माथी?

झरीकर

कापसाची आवक वाढली आणि मागोमाग लग्नसराई आली की आमच्या झरी-जामणीच्या बाजूला एटीएमवर ‘रोकड उपलब्ध नाही’ असा कागद लागतो. खातेदार शाखेत जाऊन विचारतो, तेव्हा उत्तर ठरलेले असते : पैसे भरणे आमच्याकडे नाही, ते कंपनीकडे आहे. या उत्तरालाच माझा आक्षेप आहे.

बँकांनी रोकड वाहून नेण्याचे, यंत्रात भरण्याचे आणि हिशेब जुळवण्याचे काम खासगी कंपन्यांकडे दिले, याला माझा सरसकट विरोध नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये अशा कंपन्यांसाठी किमान १०० कोटी रुपयांची नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) आणि ३०० खास बांधणीच्या गाड्यांचा ताफा ही अट घातली. त्याच वर्षी केंद्रीय गृह मंत्रालयाचे नियम आले. त्यांनुसार एका फेरीत ५ कोटींहून अधिक रोकड नेता येत नाही, चालकाखेरीज दोन बंदूकधारी रक्षक आणि दोन कस्टोडियन (रोकड सांभाळणारे आणि यंत्रात भरणारे कर्मचारी) गाडीत असावे लागतात, आणि शहरात रात्री ९, ग्रामीण भागात सायंकाळी ६ व नक्षलग्रस्त जिल्ह्यांत दुपारी ४ नंतर रोकड हलवता येत नाही. नियम चांगले आहेत. पण ते गाडीबरोबर चालतात आणि गाडी थांबते तिथे थांबतात.

आमच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, गाडी येत नाही. तिथे पैसा पोचवतो तो बँक मित्र, म्हणजे बँकेने गावात नेमलेला कमिशनवरचा प्रतिनिधी. सकाळी तालुक्याच्या शाखेतून तो स्वतःच्या खात्यातली रक्कम काढतो, पिशवी शर्टाच्या आत खोचतो आणि दुचाकीवर एकटा जंगलातल्या रस्त्याने परततो. निराधार योजनेचे किंवा लाडक्या बहिणीचे पैसे कोणत्या दिवशी जमा झाले हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक असते. म्हणजेच त्या दिवशी त्याच्या पिशवीत काय आहे हेही ठाऊक असते. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना कळवले आहे की बँक मित्राच्या हातातली रोकड ही बँकेचीच रोकड मानली जाते, तिचा विमा उतरवण्याची जबाबदारी बँकेची आहे आणि त्याच्याकडून आगाऊ रक्कम भरून घेण्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी व्हावे. आमच्याकडच्या बँक मित्रांना विम्याबद्दल विचारा, ते तुमच्याचकडे पाहत राहतील.

माझे म्हणणे असे की बँकेने ठेक्याची हद्द शाखेच्या पायरीवर संपवू नये, ती शेवटच्या पोडापर्यंत न्यावी. आणि ते परवडत नसेल तर रोकड वाहतूक पुन्हा आपल्या अंगावर घ्यावी.

निवृत्त रोखपाल

झरीकर, बँक मित्राबद्दल आपण लिहिले ते खरे आहे, परंतु ‘पुन्हा अंगावर घ्यावी’ हे ज्याने ते दिवस पाहिले नाहीत त्यानेच लिहावे. करन्सी चेस्ट, म्हणजे शाखांना नोटा पुरवणारी रिझर्व्ह बँकेच्या नोटांची तिजोरी, जिल्ह्याच्या ठिकाणी असायची. तिथून रोकड आणायची म्हणजे लोखंडी पेटी, साखळी, भाड्याची जीप, आणि पोलीस बंदोबस्त मिळेपर्यंत ठाण्याच्या आवारात ताटकळणे. अधिकारी आणि रोखपाल दोघेही बाहेर असल्यामुळे मागे शाखेतले काउंटर बंद, आणि लांबून आलेला खातेदार हात हलवत परत. जीपमध्ये बसलेला रोखपाल हा हिशेबाचा माणूस होता, संरक्षणाचा नव्हे. आज तीच पेटी दोन बंदुका, कॅमेरा आणि जीपीएस असलेल्या गाडीतून येते, ही सुधारणा नाही काय?

दुसरे असे की एटीएम, एटीएम असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यांत फरक आहे. शाखेला लागून असलेले यंत्र पुष्कळदा शाखेतले कर्मचारीच भरतात. चौकातले किंवा बसस्थानकावरचे यंत्र कंपनी भरते आणि तिचा करार मुख्य कार्यालयाशी असतो. शाखाधिकाऱ्याकडे त्याची किल्लीही नसते. व्हाइट लेबल एटीएम तर बँकेचे नसतेच, ते खासगी कंपनीचे असते. म्हणून शाखेत मिळालेले उत्तर उद्धट असेल, खोटे असेलच असे नाही. कायद्याने मात्र जबाबदारी बँकेचीच राहते. काम बाहेर दिल्याने बँकेचे उत्तरदायित्व कमी होत नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे.

आता पैशाचे बोलू. दुसऱ्या बँकेचे कार्ड वापरले गेले की यंत्रवाल्या बँकेला त्या व्यवहाराचे शुल्क मिळते. ते १ मे २०२५ पासून १७ वरून १९ रुपये झाले. दिवसाला असे पन्नास व्यवहार धरले तरी महिन्याला २८,५०० रुपये होतात. त्यातून जागेचे भाडे, वीज, नेटवर्क, देखभाल आणि गाडीच्या फेऱ्या भागवायच्या. त्यात आता शंभर किंवा दोनशेच्या नोटा देणारी निदान एक कॅसेट (यंत्रातला नोटांचा डबा) सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के आणि मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममध्ये असावी, असा आदेश आहे. खेड्यातल्या माणसासाठी तो अगदी योग्य आहे, कारण पाचशेची नोट मोडायला त्याला निम्मा बाजार फिरावा लागतो. पण कॅसेटमध्ये मावणाऱ्या नोटा तेवढ्याच. शंभराची कॅसेट पाचशेच्या कॅसेटच्या एकपंचमांश पैसा धरते, म्हणजे ती लवकर रिकामी होते आणि गाडीची फेरी वाढते. हा खर्च पोडापर्यंत नेलात तर बँक पोडापर्यंत जाणार नाही, तालुक्याचे यंत्रही उचलून नेईल.

पर्लकोटेकाठचा

आपण दोघेही रस्ता आहे असे गृहीत धरून भांडत आहात. रिझर्व्ह बँकेच्या त्याच २०१८ च्या परिपत्रकात लिहिले आहे की रोकड गाडीने तोच मार्ग आणि तीच वेळ वारंवार ठेवू नये, म्हणजे तिच्या हालचालींचा अंदाज बांधता येणार नाही. आमच्या नक्षलग्रस्त गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीहून भामरागडला यायला रस्ता एकच आहे. त्यावरून गाडी निघाली की ती कुठे जाणार हे ओळखायला हेर लागत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तोही रस्ता बंद. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आमच्यापर्यंतचे अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक आहे. चेस्टमधून नोटा मोजून घेऊन गाडी बाहेर पडेपर्यंत सकाळ सरलेली असते आणि चारच्या आत सगळे आटोपायचे असते. मुक्काम करायचाच झाला तर तो पोलीस ठाण्यातच, असाही नियम आहे.

मी सुरक्षेच्या नियमांविरुद्ध नाही. आमच्या जिल्ह्यात ते का आले हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण त्यांच्याच जोडीला रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून, महिन्यात एकूण दहा तासांहून अधिक काळ रिकाम्या राहिलेल्या यंत्रामागे दहा हजार रुपये दंड ठेवला. कागदावर तो ग्राहकाच्या बाजूने आहे. प्रत्यक्षात ज्या यंत्रापर्यंत दिवसातून मोजकेच तास गाडी पोचू शकते ते चालू ठेवण्यापेक्षा बंद केलेले बरे, असा हिशेब कोणीही करील.

माझ्या मते मूळ चूक वेगळीच आहे. गावातल्या किराणा दुकानदाराची आणि पेट्रोल पंपाची रोकड भरण्यासाठी वर जाते आणि तीच रोकड शेकडो किलोमीटरचा फेरा मारून आमच्यासाठी खाली येते. पैसे स्वीकारणारे आणि तेच पुन्हा देणारे रिसायकलर यंत्र तालुक्याच्या शाखेत बसवले आणि दुकानदाराने बँक मित्राकडेच भरणा केला, तर गाडीच्या निम्म्या फेऱ्यांची गरज राहणार नाही.

हिंगणघाटचा जिनिंगवाला

पर्लकोटेकाठच्या भाऊंचा उपाय पेट्रोल पंपापुरता ठीक आहे. कापसाच्या बाजाराला तो लागू पडत नाही, कारण हंगामात आमच्याकडून रोकड फक्त बाहेरच जाते. सीसीआयचा (सरकारी कापूस महामंडळाचा) चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, थेट खात्यात होतो, पण खासगी खरेदीत शेतकरी गाडी खाली करून चुकारा हातात मागतो आणि त्याची कारणे त्याला विचारण्याचा मला अधिकार नाही. व्यापाऱ्याने एका दिवशी एका माणसाला दहा हजारांहून अधिक रोख दिले तर आयकरात तो खर्च एरवी धरला जात नाही. शेतकऱ्याला शेतमालाचे पैसे देताना या अटीतून सूट आहे, मात्र एका व्यवहारात दोन लाखांच्या आतच राहावे लागते.

पूर्वी मुनीम बँकेत गेला की तो परत येईपर्यंत जीव टांगणीला लागत असे. आता सीलबंद थैली दारात येते, थैलीचा क्रमांक पावतीशी ताडून सही होते आणि वाटेत काही झाले तर ते कंपनी आणि तिचा विमा पाहून घेतात. यासाठी मी दरमहा पैसे मोजतो. झरीकरांनी एवढेच सांगावे की पोडावरची थैली कोणाच्या खिशातून जाईल? बँक मित्राच्या कमिशनमध्ये ती बसत नाही.

नवे खातेदार

फोनवरून पैसे देता येत असताना या गाड्यांचा एवढा ऊहापोह कशाला?

झरीकर

ज्या पोडावर फोनला टॉवर शोधत टेकडी चढावी लागते तिथे हा प्रश्न विचारून पाहावा. धागा रोकडीचा आहे, तो रोकडीवरच राहू द्या.

माजी सैनिक, चिखली

मी अशा गाडीवर नोकरी केलेली आहे, म्हणून ‘दोन बंदुका’ या शब्दांबद्दल थोडे लिहितो. बंदूक माझी, परवाना माझ्या नावाचा, नूतनीकरणाचे खेटे माझे. यंत्र भरताना शटर अर्धे खाली ओढलेले असते, आत दोघे कस्टोडियन आपापला अर्धा पासवर्ड घालतात आणि बाहेर पायरीवर मी. समोरच्या चहाच्या टपरीवर माणसे मोकळेपणाने अंदाज करत असतात की आज किती आणले असतील. कुलूपबंद कॅसेट चेस्टवरूनच भरून आणायची आणि यंत्रात फक्त अदलाबदल करायची, हा आदेशही २०१८ चाच आहे. त्याची मुदत पुनःपुन्हा वाढवली गेली.

रोखपाल साहेब ज्याला सुधारणा म्हणतात ती आहेच, परंतु ठेका सर्वांत कमी दर भरणाऱ्याला मिळतो आणि दर कमी झाला की तो आधी आमच्या पगारातून आणि मग गाडीच्या देखभालीतून निघतो. त्यामुळे पोडापर्यंत ठेका वाढवा असे म्हणताना दरही वाढवा असे म्हणावे; नाही तर दुचाकीवरच्या एकट्या बँक मित्राऐवजी थकलेला एकटा रक्षक तिथे जाईल.

झरीकर

जिनिंगवाल्या शेठजींच्या प्रश्नाचे उत्तर देतो. प्रत्येक पोडावर बंदूकधारी गाडी जावी असे मी म्हणत नाही. गाडी तशीही आठवड्यातून काही वेळा तालुक्याचे यंत्र भरायला येते. तिने त्याच फेरीत शाखेपुढच्या दोन-तीन मोठ्या गावांत, त्या भागातल्या बँक मित्रांच्या नावाच्या सीलबंद थैल्या द्याव्यात. रक्कम त्यांच्या खात्यातून आगाऊ न घेता बँकेने आपली म्हणून पाठवावी. रोकड बँकेची आहे असे रिझर्व्ह बँक म्हणते, तर ती बँकेच्या गाडीतून गेल्यास वाढीव खर्चही बँकेचाच. पर्लकोटेकाठच्या भाऊंचा रिसायकलर याच्या आड येत नाही, दोन्ही व्हावे.

निवृत्त रोखपाल

तिथेच माझी हरकत आहे. प्रत्येक जादा थांबा म्हणजे गाडीचे दार आणखी एकदा उघडणे, आणि तेही जिथे ना कॅमेरा ना पक्की खोली. दारे जितकी कमी वेळा उघडतील तितके बरे, हे या धंद्यातले पहिले शहाणपण आहे. शिवाय ग्रामीण भागात सहाच्या आत परतायचे असल्याने तीन गावे वाढवली की शेवटचे यंत्र त्या दिवशी भरायचे राहील.

विम्याबाबत मात्र मी तुमच्या बाजूने आहे आणि त्यासाठी गाडीची वाट पाहण्याचे कारण नाही. तालुकास्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत गटविकास अधिकारी आणि सर्व शाखाधिकारी असतात. तुमच्या भागातल्या बँक मित्रांनी एकत्र येऊन लेखी मागावे की आमच्या हातातल्या रोकडीचा विमा कोणत्या कंपनीचा, किती रकमेचा, आणि शाखेपासून गावापर्यंतचा प्रवास त्यात धरला आहे की नाही. बहुधा गोम या शेवटच्या कलमातच असते : दुकानातली चोरी धरलेली असते, वाटेवरची नसते.

झरीकर

ते पत्र मी लिहून देतो. गाडीच्या थांब्यांवरची आपली हरकत मला मान्य नाही. पक्की खोली ग्रामपंचायतीत असते आणि कॅमेरा बँकेने लावायचा असतो.