व्हॉल्व्हच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर गिटार वाजवता येईल का?

ठाकुरद्वारकर

नमस्कार. आमच्या गिरगावातल्या घरी, पोटमाळ्यावर, वडिलांनी १९६० च्या दशकात घेतलेला पेटीतला रेकॉर्ड प्लेअर कित्येक वर्षे पडून होता. गणपतीआधीच्या साफसफाईत तो खाली काढला, तर आतले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या, अजून पेटतात आणि रेकॉर्डही वाजते. फक्त मागे एक सततची घरघर ऐकू येते. माझी मुलगी इलेक्ट्रिक गिटार शिकते आहे. तिला व्हॉल्व्हचा आवाज हवा आहे आणि तसा नवा अँप्लिफायर घेणे आम्हाला सध्या परवडणारे नाही, म्हणून सुईकडून येणाऱ्या दोन तारा सोडवून मी तिथे गिटारचे सॉकेट जोडून पाहिले. आवाज आला, पण फार बारीक. शिवाय गिटारच्या तारांना हात लावला की तिच्या बोटांना मुंग्या येतात.

आत यूसीएल ८२ आणि यूवाय ८५ असे दोन व्हॉल्व्ह आहेत, स्पीकरकडे जाणारा एकच छोटा ट्रान्सफॉर्मर आहे आणि बोटभर लांबीचा एक रेझिस्टर आहे, जो पाच मिनिटांत हात लावू देत नाही. चॅसिसच्या, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याच्या, स्क्रूला टेस्टर लावला तर तो पेटतो; दोन पिनांचा प्लग उलटा खोचला की विझतो. आवाज कसा वाढवावा आणि मुंग्या कशामुळे येतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी तार

नमस्कार. आवाजाचे नंतर पाहू. आधी तो प्लग काढा आणि मुलीला ती गिटार त्या यंत्राला पुन्हा जोडू देऊ नका. मुंग्या येतात तो विजेचा धक्काच आहे. पायात चपला होत्या किंवा लादी कोरडी होती, म्हणून तो मुंग्यांवर निभावला.

कारण तुम्ही स्वतःच लिहिले आहे. व्हॉल्व्हच्या नावातील पहिले अक्षर हीटरविषयी, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेविषयी, सांगते: ‘ई’ असेल तर हीटर ६.३ व्होल्टचा, आणि ‘यू’ असेल तर १०० मिलिअँपिअरचा, म्हणजे एकामागोमाग एक जोडून थेट घरच्या विजेवर चालवण्यासाठी केलेला. यूसीएल ८२ ला ५० व्होल्ट लागतात, यूवाय ८५ ला ३८. २३० मधून हे ८८ वजा केल्यावर उरलेले १४२ व्होल्ट त्या लांब रेझिस्टरवर खर्च होतात, म्हणून तो १४ वॉट उष्णता टाकत बसतो. या रचनेत मेन्सचा ट्रान्सफॉर्मर वाचतो, पण विजेची एक तार सरळ चॅसिसला जोडलेली असते. प्लग एका बाजूने खोचला की चॅसिसवर न्यूट्रल येते, उलटा खोचला की फेज. रेकॉर्ड ऐकणाऱ्याचा हात फक्त लाकडी पेटीला आणि प्लॅस्टिकच्या बटणाला लागत असे, म्हणून हे चालून गेले. गिटारच्या तारा मात्र सॉकेटमार्गे त्याच चॅसिसला जोडल्या जातात आणि वाजवणाऱ्याची बोटे सतत त्यांच्यावर असतात. प्लगची ‘बरोबर’ बाजू खूण करून ठेवणे हा उपाय नव्हे. दुसऱ्या खोलीतले सॉकेट उलटे जोडलेले असू शकते.

खरा उपाय एकच आहे: २३० ला २३० व्होल्टचा, दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. एसीची डीसी करणारा यूवाय ८५ विजेच्या लहरीचा अर्धाच भाग वापरत असल्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर जास्तीचा ताण पडतो, तेव्हा हिशेबाला पुरेल एवढाच न घेता निदान १०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा घ्या. लॅमिंग्टन रोडला तयार मिळाला नाही, तरी असा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेता येतो. त्याच्या प्राथमिक बाजूला फ्यूज, तीन पिनांची केबल, आणि चॅसिस पक्क्या अर्थिंगला. जोडून झाल्यावर प्लग सॉकेटबाहेर ठेवून, रेकॉर्ड प्लेअरचा स्विच चालू करून, प्लगच्या फेज व न्यूट्रल या दोन्ही पिना आणि चॅसिस यांच्यात मल्टिमीटर लावा. कुठल्याही पिनेशी जोड दिसता कामा नये.

घरघर जुन्या फिल्टर कंडेन्सरची असणार. ते बदला, पण हात घालण्यापूर्वी ते रेझिस्टरमधून रिकामे करा आणि मीटरवर शून्य दिसल्याची खात्री करा. प्लग काढल्यावरही त्यांत मारक विद्युतदाब राहू शकतो. आवाज वाढवणाऱ्या दोन टप्प्यांमधला कागदी कंडेन्सरही बदला. मुंबईच्या दमट हवेत तो गळतो, मग शेवटच्या टप्प्याच्या ग्रिडवर, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर, धन दाब येऊन व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर प्रवाह ओढतो आणि स्पीकरचा ट्रान्सफॉर्मर जळतो.

मध्यलय

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. आवाज बारीक येण्याचे कारण वेगळे आहे. त्या काळच्या सिरॅमिक सुया गिटारच्या पिकअपपेक्षा बऱ्याच जोरकस विद्युतसंकेत देत, म्हणून त्यापुढे आवाज वाढवणारे दोनच टप्पे, एक ट्रायोड आणि स्पीकर चालवणारा एक पेंटोड, पुरत. ते दोन्ही यूसीएल ८२ च्या एकाच काचेत आहेत. गिटारला आणखी एक टप्पा हवा. बहुतेक जण त्यासाठी ईसीसी ८३ हा व्हॉल्व्ह सुचवतील, परंतु त्याचा हीटर १२.६ व्होल्टला १५० मिलिअँपिअर घेतो, म्हणून तो तुमच्या १०० मिलिअँपिअरच्या साखळीत बसत नाही. त्यासाठी निराळा हीटर ट्रान्सफॉर्मर आला, चॅसिसला नवे भोक आले. त्यापेक्षा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसल्यावर, गिटारचा संकेत वाढवणारा ९ व्होल्टच्या बॅटरीवरचा बूस्टर पेडल मध्ये लावा. त्याने शेवटचा पेंटोड भरपूर दाबला जातो, आणि मुलीला हवा असलेला किंचित फाटलेला, भरदार स्वर त्यातूनच येतो.

माझी एक विनंती आहे. सुईच्या तारा कापू नका, सॉकेट एका स्विचवर घ्या. चालू स्थितीतला असा प्लेअर आता सहज मिळत नाही, आणि तो वडिलांचा आहे.

ठाकुरद्वारकर

दोघांचेही मनापासून आभार. त्या दिवशीच प्लग काढला. ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला दिला आहे, कंडेन्सर आणले आहेत, आणि सुईच्या तारा पुन्हा होत्या तशा जोडल्या आहेत.

आपण अर्थिंगचा उल्लेख केला म्हणून वायरमनला बोलावून सॉकेट उघडून घेतले, तर तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. इमारतीच्या जुन्या वायरिंगमध्ये ती आमच्या मजल्यापर्यंत कधी आलेलीच नाही. ती येईपर्यंत नुसत्या ट्रान्सफॉर्मरवर गिटार वाजवली तर चालेल का?

जुनी तार

चालणार नाही. ट्रान्सफॉर्मरच्या आतले आवरण कधी फुटले, तर फ्यूज उडवायला ती तारच लागते. मीटरच्या खोलीपासून अर्थची तार ओढून घ्या, मग गिटार. तोवर बटणे आणि पेटीचे झाकण शाबूत असल्याची खात्री करून वडिलांना रेकॉर्ड लावून द्या. त्या कामासाठी कंडेन्सर बदलणे पुरेसे आहे.