हळद लावण्याआधी जखम धुवा
मुंगसानं पाठ फाडलेल्या कोंबडीला लगेच हळद-तेल लावा, असा सल्ला इथं एकानं दिलाय. कृपा करून आधी जखम धुवा. उकळून कोमट केलेल्या लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ (चहाचा सपाट दीड चमचा) घाला आणि सुई काढलेल्या सिरिंजनं धार सोडा. चिकटलेली पिसं कातरा, उपटू नका. मग पाण्यात पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक औषध) लावा. तिला डालग्याखाली (कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली) एकटीच ठेवा. लाल दिसलं की बाकीच्या तिथंच टोचतात, माझी एक तलंग (तरुण कोंबडी) अशीच गेली. माश्यांपासून जपा, एका दिवसातही अळ्या पडतात. चावा खोल असेल तर पशुवैद्यांकडेच न्या, आणि औषध चालू असताना अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून घ्या.