पेनड्राइव्हमधल्या फाइल्स कायमच्या कशा उडवायच्या?

३२ जीबीचा पेनड्राइव्ह भाच्याला द्यायचाय, त्यात आई-बाबांच्या आधार, पॅन, पासबुकचे स्कॅन होते, मी सगळं सिलेक्ट करून डिलीट केलं, रिसायकल बिनमध्येही काही दिसत नाही, म्हणजे गेलं ना नक्की? प्लीज सांगा, काळजी वाटतेय.

उत्तर १:
नाही गेलं. विंडोजमध्ये पेनड्राइव्हवरचं डिलीट केलेलं सहसा बिनमध्ये जातच नाही, पण फक्त नोंद पुसली जाते, डेटा तिथेच पडून असतो, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. फोटोरेकसारखं फुकटचं सॉफ्टवेअर लावून तो परत काढता येतो, मी स्वतः लग्नाचे फोटो असेच काढलेत.

उत्तर २:
बरोबर. पेनड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, आणि 'क्विक फॉरमॅट'ची टिक काढा, ते महत्त्वाचं! व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितो. वेळ लागेल, मध्येच उपटू नका. विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांड टाइप करून चालवायच्या टूलमधलं 'क्लीन ऑल'पण चालतं पण तिथे डिस्क नंबर चुकला तर लॅपटॉपची हार्डडिस्कच साफ, म्हणून साइज बघूनच सिलेक्ट करा.

उत्तर ३:
एक राहिलं, पेनड्राइव्हच्या फ्लॅश मेमरीत कंट्रोलर (मेमरीचा कारभार बघणारी चिप) जागेचे काही ब्लॉक बाजूला ठेवतो, तिथे फॉरमॅट पोचत नाही. घरच्या भाच्याला द्यायला वरचं पुरेसं आहे, पण अनोळखी माणसाला आधारवाला पेनड्राइव्ह मी तरी देणार नाही, सरळ फोडून टाकीन, आतली चिपसुद्धा.

प्रश्नकर्ता:
टिक काढून फॉरमॅट लावलाय, हिरवी पट्टी हळूहळू सरकतेय. खूप आभार सगळ्यांचे!